पोशेऱ्याची शेवटची

जव्हारच्या बसस्टँडवर मी कंट्रोलर होतो. कागदोपत्री या पदाला वाहतूक नियंत्रक म्हणतात, आणि ते वाचून बाहेरच्या माणसाचा समज होतो की हा गृहस्थ कशावर तरी नियंत्रण ठेवत असणार. माझं नियंत्रण एका खिडकीवर, एका माईकवर आणि चहाच्या ग्लासवर होतं. त्यातला माईक अधूनमधून बिघडायचा. गाडी वेळेवर सुटली की लोक ड्रायव्हरचं कौतुक करत, उशिरा सुटली की घाटाला बोल लावत आणि सुटलीच नाही की माझ्या खिडकीशी येत.

काम सोपं होतं. गाडी आली की कंडक्टर कागद घेऊन खिडकीशी यायचा. मी वेळ टाकायचो, सही करायचो आणि माईकवर सांगायचो. उरलेल्या वेळात एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं, ते म्हणजे गाडी कधी लागणार. या 'लागणे' शब्दावर माझी सगळी नोकरी उभी होती, म्हणून तो समजावून सांगतो. स्टँडात गाडी येते तेव्हा ती नुसती येते. आलेली गाडी धुवायला जाईल, टायर बदलायला जाईल, नाही तर दुसरीच पाटी लावून भलतीकडे निघून जाईल. ती फलाटाशी उभी राहिली, पाटी चढली आणि कंट्रोलरनं सांगितलं, म्हणजे मग ती लागली. त्याआधी उठायचं नाही आणि त्यानंतर बसून राहायचं नाही, एवढं आमच्याकडे पोराटोरांनाही कळतं.

एकदा माईक बंद होता. डोंगरातल्या पोशेरा गावचा एक म्हातारा बाकावर गाठोडं मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या समोर दहा हातांवर पोशेऱ्याची गाडी लागली, भरली आणि निघून गेली. मी केबिनमधून धावत बाहेर आलो. म्हटलं, "बाबा, गाडी दिसत नव्हती का?"

"दिसत व्हती ना," तो शांतपणे म्हणाला. "पर तू बोललाच नाय."

या एका वाक्यावर मी पुढची कित्येक वर्षं छाती फुगवून हिंडलो. त्या म्हाताऱ्याला पुढच्या गाडीपर्यंत तीन तास बसावं लागलं, हे मात्र गोष्ट सांगताना मी गाळत असे.

निवृत्त झाल्यावर सवय जाईना. घरी पानं वाढली की मी "जेवण लागलं आहे" असं ओरडायचो. पुतण्याच्या लग्नात माझ्या हाती कुणीतरी माईक दिला, तेव्हा "वऱ्हाड मांडवात लागलं आहे, तरी संबंधितांनी आपापल्या सामानासह" इथपर्यंत मी पोचलो आणि बायकोनं माईक काढून घेतला. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला रिटायर केलंय. आता आम्हालाही करा."

माझ्या या रिकाम्या आवाजाचा उपयोग ओळखला तो भोयेबाईंनी. भोयेबाई आमच्याकडच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका. डोंगरपाड्यांतल्या मुलींना त्यांनी कबड्डी शिकवली. बाईंच्या स्पर्धेत समालोचन करायला माणूस हवा होता आणि मी फुकट होतो. कबड्डीतलं मला चढाई आणि पकड एवढंच कळायचं. तरी मी दणक्यात सुरू केलं. "क्रमांक सातची खेळाडू मध्यरेषेवरून निघत आहे. ती परत येण्याची वेळ तीस सेकंद." लोक हसायचे, पण ऐकायचे. जव्हार-मोखाड्यात माझ्या आवाजाइतका ऐकलेला दुसरा आवाज नाही, असा माझा समज होता. तो खरा निघाला, हेच पुढे वाईट झालं.

बाईंच्या मुलींमध्ये सेवंती नावाची एक चढाईवाली होती, पोशेऱ्याची. सडपातळ, अबोल. चढाईला निघाली की समोरच्या सात जणींना कळायच्या आत कुणाला तरी शिवून परत. तिला मी ती शाळेत होती तेव्हापासून ओळखत होतो, कारण सराव संपवून ती स्टँडात शिरायची ती नेहमी धावतच. पोशेऱ्याची शेवटची गाडी सव्वासहाची. किती तरी संध्याकाळी मी कंडक्टरला खिडकीतून खूण करून थांबवायचो, आणि ही दप्तर सावरत पायरीवर उडी मारायची. बाई म्हणायच्या, "तिचा वेग मी नाही घडवला, तुमच्या सव्वासहाच्या गाडीनं घडवला."

एका मोठ्या शहरी संघानं तिला आधी एकदा बोलावलं होतं. तिनं नाही म्हटलं. वडील नाहीत, भाऊ भिवंडीला गोदामात आणि घरी आई जनीबाई एकटी. भात लावायचं, नाचणी लावायची, कापायची. "अठं टीम असती तं खेळले असते," असं ती बाईंना म्हणाली होती.

आणि मग टीम खरंच इथं यायला निघाली.

झालं असं की मुलींच्या व्यावसायिक कबड्डीची मोठी लीग सुरू होणार होती, टीव्हीवर दिसणारी. एका संघाच्या मालकांच्या डोक्यात आलं की आपल्या यादीतल्या इतक्या मुली जव्हार-मोखाड्याकडच्या आहेत, तर संघाचं घरचं मैदान तिथंच का नको? पाहणी करायला त्यांचे व्यवस्थापक आले. समीर त्यांचं नाव. हसरा, नम्र माणूस. हातात प्रश्नांची लांबलचक यादी. गावातले व्यापारी, शिक्षक आणि माझ्यासारखे रिकामे यांची एक समिती झाली आणि आम्ही उत्तरं द्यायला बसलो.

"विमानतळ किती दूर?"

"दोन गाड्या बदलून," मी म्हणालो.

"साठ जणांची राहण्याची सोय?"

किराणावाले शेठ म्हणाले, "आमच्याकडे दहा जण सहज झोपतील. साठही झोपतील, पण मग सहज नाही."

समीरनी तेही लिहून घेतलं. शेवटी यादी बाजूला ठेवून ते म्हणाले, "हे बघा, खोल्या बांधता येतात, दिवे लावता येतात, मॅट आम्ही आणू. मालकांची एकच शंका आहे. छोट्या गावात पहिल्या दिवशी गर्दी होते, पण ती टिकते का? शेवटच्या मिनिटाला कॅमेरा फिरला आणि खुर्च्या रिकाम्या दिसल्या, तर तो संघ त्या गावाचा आहे असं कोण म्हणेल? तुम्ही एक सामना भरवून दाखवा. शेवटच्या चढाईपर्यंत लोक बसले पाहिजेत."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. का बघितलं, हे मला विचाराल तर मीच सगळ्यांच्या आधी खाकरलो होतो. मी म्हणालो, "माणसं आणणं आणि बसवणं हे मी जन्मभर केलंय. ते माझ्यावर सोडा."

ते त्यांनी माझ्यावर सोडलं.

आता माझी हुशारी ऐका. सामना दिवाळीच्या आधी घ्यायचा, हे मीच ठरवलं. दिवाळीनंतर आमच्याकडचे निम्मे लोक ठाण्या-भिवंडीला कामाला जातात, आणि रिकाम्या पाड्यांतून प्रेक्षक आणायचे कुठून? वेळ चारची ठेवली. साडेपाचपर्यंत सामना संपेल, सव्वासहाच्या गाड्या आरामात मिळतील. पाड्यापाड्यांवर निरोप मी स्वतः दिले. सगळीकडून एकच प्रश्न आला. गाडी चुकली तर? पोशेऱ्यात जनीबाईनं तो सगळ्या बायकांच्या वतीनं विचारला. ती मला अरेतुरे करते, तिकडे तीच रीत आहे.

"कंटोलर, सेवंतीचा खेळ बघाया येऊ आमी. पर गाडी गेली तं रातचं कठं राहाचं?"

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "जनीबाई, मैदानावर माईक कुणाच्या हातात आहे? माझ्या. घड्याळाकडे कुणी बघायचं नाही. गाडी लागली की मी सांगीन."

हाच शब्द मी जिथं जाईन तिथं दिला, आणि त्यावर विश्वास ठेवून लोक आले. स्टँडमागचं शाळेचं मैदान भरलं, कठड्यावर भरलं, झाडांवर भरलं. समीर मोबाइलवर चित्रीकरण करत गोल फिरत होते. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काका, मानलं तुम्हाला." त्यानंतर मी जमिनीवर चालत नव्हतो.

चार वाजता सामना सुरू व्हायचा होता. पण मोठा कार्यक्रम म्हटला की शाल-श्रीफळ आलंच. पाहुण्यांचा सत्कार झाला, मैदान देणाऱ्या शाळेचा झाला, मंडपवाल्याचा झाला. मग जाहीर झालं की गर्दी जमवणाऱ्या माजी कंट्रोलरांचाही सत्कार करण्यात येत आहे, आणि त्यांनी दोन शब्द बोलावेत. मी पंचवीस मिनिटं बोललो. वेळ पाळणं हेच माझ्या आयुष्याचं ब्रीद, या विषयावर बोललो. भोयेबाई समोरून मनगटावर बोट आपटत होत्या. मला वाटलं, त्या टाळ्यांचा ताल धरताहेत.

सामना सुरू झाला तेव्हा पाच वाजून गेले होते.

एका बाजूला शहरातला तयार संघ, उंच मुली, एकसारखे बूट. दुसऱ्या बाजूला आमचा जव्हार-मोखाडा निवड संघ. पहिल्या डावात आम्ही मागे पडलो, दुसऱ्यात सेवंती सुटली. एका चढाईत दोघी, पुढच्या चढाईत तिघी. लोक असे ओरडत होते की मला माईकवर माझाच आवाज येईना. शेवटचं मिनिट आलं आणि गुण बरोबरीत होते. एकच चढाई उरली, ती आमची. चढाई सेवंतीची.

एकही माणूस जागचा हलला नव्हता. समीर कॅमेरा रोखून उभे होते. एवढे तीस सेकंद गेले की संघ आमचा आणि सेवंती आईजवळ राहून खेळणार, हे समितीतल्या प्रत्येकाला कळत होतं. जनीबाई पुढच्या रांगेत पदर दातांत धरून बसली होती. सेवंती मध्यरेषेवर आली, वाकली, जमिनीला हात लावून कपाळाशी नेला. ती आत शिरली आणि मी माईक तोंडाशी घेतला. मला म्हणायचं होतं, पोशेऱ्याची शेवटची चढाई.

"पोशेऱ्याची शेवटची..." मी म्हणालो, आणि पुढचं वाक्य माझ्या जिभेनं मला न विचारता पुरं केलं, "...गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे."

त्यानंतर काय झालं ते सांगायला मला आजही जड जातं. पोशेऱ्याचे लोक उठले. ते उठलेले पाहून मोखाड्याच्या लोकांनी विचार केला की पोशेऱ्याची लागली म्हणजे आपली सुटलीच असणार, म्हणून ते उठले. झाडांवरचे खाली उतरले. मी माईकवर "बसा, बसा" म्हणत होतो, पण कंट्रोलर बसा म्हणतोय याचा अर्थ गाडीत जागा आहे असा घेऊन ते आणखी जोरात पळाले. मैदानाचा दरवाजा अरुंद. धूळ उडाली, चपला राहिल्या. ज्यांच्या जोरावर आम्ही मोठ्या शहराशी बरोबरी करणार होतो, ती सगळी मंडळी पाठमोरी दिसत होती.

आणि सेवंती? ती समोरच्या अर्ध्या मैदानात होती, तोंडात "कबड्डी, कबड्डी" चालू होतं. माझे शब्द कानावर पडताच तिची मान दरवाजाकडे वळली. क्षणभरच. शाळेपासून त्या वाक्यावर जी मुलगी धावत आली, तिची मान वळणारच. तेवढ्यात तिचा घोटा पकडला गेला.

शिट्टी वाजली. एका गुणानं आम्ही हरलो. समीरच्या कॅमेऱ्यात रिकामं मैदान, जमिनीवर पडलेली सेवंती आणि माईक धरून उभा असलेला मी, एवढंच आलं.

सेवंती उठली, गुडघे झटकले आणि माझ्याजवळ आली. मला वाटलं आता ही रडेल, नाही तर मला चार शब्द सुनावेल. ती म्हणाली, "काका, खरंच लागली का गाडी?"

मी घड्याळ बघितलं. सहा वाजून बारा मिनिटं झाली होती. गाडी खरंच लागलेली होती. ती पिशवी उचलून पळाली आणि तिला गाडी मिळाली.

समीरनी नंतर फोन केला. नेहमीच्याच नम्रपणानं म्हणाले, "काका, लोक खेळावर प्रेम करतात हे मालकांना पटलं. फक्त ते शेवटपर्यंत थांबू शकतील का, हे नाही पटलं." संघ ठाण्याच्या बाजूला गेला, आणि सेवंतीला त्यात खेळायचं तर आता तिकडेच जावं लागणार होतं. गावात महिनाभर माझ्या पाठीमागे पोरं "फलाट क्रमांक दोन" म्हणून ओरडत होती. समितीनं माझी शाल परत मागितली नाही, एवढा मोठेपणा दाखवला.

मी रात्रंदिवस स्वतःला दोष देत होतो. भाषण पाच मिनिटांत आवरलं असतं तर काही बिघडलं नसतं. मग एकदा बाजारात पोशेऱ्याच्या दोघी भेटल्या. मी तोंड चुकवून निघालो होतो. त्यांनीच हाक मारली. "बरं झालं तू बोललास. नायतं लेकरं घेऊन आमी उघड्यावर असतो." आम्ही समितीवाले चालत घरी जाणारे लोक. खुर्च्या शेवटपर्यंत भरलेल्या हव्यात, असं आम्ही ज्यांच्या जिवावर कबूल केलं होतं, त्यांना घरी जायचं कसं, हे आम्ही एकदाही नीट विचारलं नव्हतं. मी तर त्याच गाड्यांचा पगार खाल्लेला माणूस, आणि मीही नुसता शब्द देऊन मोकळा झालो होतो.

दिवाळी झाली. एका सकाळी मी सवयीनं स्टँडवर पेपर वाचत बसलो होतो. जनीबाई आली. बरोबर सेवंती, पाठीवर मोठी पिशवी. जनीबाई माझ्यासमोर उभी राहिली.

"कंटोलर, ठाण्याची कठं लागते?"

हा प्रश्न मला हजारो लोकांनी विचारला होता. त्या दिवशी तोंडातून फलाटाचा आकडा निघेना. मी म्हणालो, "जनीबाई, भाताचं काय? तू एकटी..."

"भात माझा मी झोडीन," ती म्हणाली. "तिनं अठं राहून काय करावा? तुझी गाडी धरावी रोज?"

मी पिशवी उचलून गाडीत ठेवली. सेवंती खिडकीत बसली. मी तिला सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "काका, मॅचला आईला घेऊन या."

नेलं. मी, जनीबाई आणि भोयेबाई. बंदिस्त मैदान, डोळे दिपवणारे दिवे, मऊ खुर्च्या. जनीबाई खुर्चीच्या कडेवर बसली, मागे टेकली नाही. आमच्याभोवती शहरातली मंडळी खाणंपिणं करत, गप्पा मारत खेळ बघत होती. समालोचक फार चांगला होता. तो चुकत नव्हता. सेवंतीला ते पडद्यावर मोठं करून दाखवत, खाली लिहून येई 'घरचा संघ', पण तिच्या नावानं ओरडणारं कुणी नव्हतं. खेळ घासून चालला होता. शेवटची चढाई आली आणि ती सेवंतीला मिळाली.

ती मध्यरेषेवर आली. तिनं एकदा प्रेक्षकांकडे बघितलं. इतक्या तोंडांत ती आम्हाला शोधत होती, आणि तिला आम्ही सापडत नव्हतो. जनीबाईनं माझं मनगट धरलं.

"कंटोलर, बोल ना. तिला कळल."

मी उभा राहिलो. हातात माईक नव्हता. साठी ओलांडलेल्या गळ्यात जेवढा आवाज उरला होता तेवढा काढून मी ओरडलो, "पोशेऱ्याची शेवटची गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे!"

आजूबाजूचे लोक वेड्याकडे बघावं तसे बघू लागले. पण वरच्या रांगेत एकजण उठला. मग पलीकडे दोघी उठल्या. दाराशी उभा असलेला पहारेकरी ताठ झाला. खाण्याच्या ट्रे उचलणारी एक मुलगी ट्रे तसाच ठेवून वळली. इथं आठ, तिथं पाच असे आमच्या डोंगरावरचे लोक त्या सगळ्या गर्दीतून उभे राहिले, आणि एकमेकांना बघून ओरडायला लागले. "पोशेरा! पोशेरा!"

सेवंतीनं या वेळी मान वळवली नाही. गालात हसली मात्र, ते पडद्यावर मला स्पष्ट दिसलं. मग ती आत शिरली, कोपऱ्यातल्या मुलीला शिवली आणि पळत मध्यरेषेवर आली. सव्वासहाची पायरी गाठायची तशीच.

जनीबाई रडत होती, भोयेबाई शिट्टी नसताना शिट्टी शोधत होत्या, आणि मी कोण कुणाला मिठी मारतंय ते न बघता मारत होतो. तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. तिशीतला माणूस, सिमेंटचे डाग पडलेला शर्ट, खांद्याला पिशवी अडकवून तयार.

"कंटोलर," तो हळूच म्हणाला, "खरंच लागली का?"

"नाही रे बाबा," मी म्हणालो. "लागली की सांगीन."

तो बरं म्हणाला, आणि पिशवी मांडीवर घेऊन बसला.